अकोल्याचा उन्हाळा, दोन रॅक आणि एसीची निवड

सर्व्हर रूमला एसी घ्यायचाय म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, खोली किती बाय किती? आमची बारा बाय दहा. मग लगेच उत्तर, दीड टन बस झाला साहेब. हा हिशोब बेडरूमचा आहे, तिथे रात्री दोन माणसं झोपतात आणि सकाळी एसी बंद होतो. आमच्या खोलीत माणूस नसतोच, पण वर्षाचे ८७६० तास गरम हवा फेकणारी मशीनं असतात.

मी अकोल्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आयटी बघतो. दोन रॅक (सर्व्हर बसवायची उंच लोखंडी कपाटं) आहेत, त्यात हॉस्पिटलच्या बिलिंग-रेकॉर्डचे सर्व्हर, एक्सरे सीटी एमआरआयच्या इमेजेस ठेवणारं पॅक्सचं स्टोरेज, सीसीटीव्हीचे एनव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे), नेटवर्कचे स्विचेस, ईपीएबीएक्स (फोनचं एक्स्चेंज), आणि त्याच खोलीत १० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, बॅटऱ्यांसकट. खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, एक भिंत पश्चिमेला, डोक्यावर उघडा स्लॅब. कोणी विचार करून दिलेली जागा नाही ती, हॉस्पिटलात चांगली खोली पेशंटला जाते आणि उरलेली आयटीला, त्यात काही गैर पण नाही. जुना दीड टनाचा स्प्लिट आणि त्याला जोडीला एक खडखडणारा विंडो एसी यांच्यावर बरीच वर्षं ओढलं. मग पॅक्सचं नवीन स्टोरेज मंजूर झालं तेव्हा मी त्याच फाइलमध्ये कूलिंगचा विषय घुसवला, कारण वेगळी फाइल केली असती तर ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हललीच नसती. ट्रस्टचा नियम साधा आहे, तीन कोटेशन आणा, कम्पॅरेटिव्ह म्हणजे तुलनेचा तक्ता बनवा, कमिटीपुढे ठेवा.

तीन कोटेशन आली आणि तिघांचे टन वेगवेगळे. एकाने स्क्वेअर फुटावरून दीड टन काढला. दुसऱ्याने सगळ्या सर्व्हरच्या मागचे पॉवर सप्लायचे आकडे बेरीज केले, ७५० वॅटचे दोन, परत ७५० चे दोन, असं करत साडेअकरा किलोवॅट झाले आणि मग म्हणाला चार-पाच टन तर लागणारच. अहो पण सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात ते एक गेला तर दुसऱ्यावर चालावं म्हणून, दोन्ही मिळून पूर्ण ताकदीने कधीच ओढत नाहीत. तिसऱ्याने काहीच मोजलं नाही, त्याच्याकडे जो मॉडेल होता तोच त्याने लिहिला.

मोजायला खरं तर काही लागत नाही. यूपीएसच्या डिस्प्लेवर आउटपुट किलोवॅट दिसतात. मी ते सकाळी, ओपीडीच्या गर्दीत आणि रात्री बॅकअप चालू असताना असे वेगवेगळ्या वेळी लिहून ठेवले, इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटर लावून पडताळून घेतले, आणि नव्या स्टोरेजचा धरून आकडा आला साधारण ३.९ किलोवॅट. सर्व्हरमध्ये जाणारी वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते, ती दुसरीकडे कुठे जात नाही (कॅमेऱ्यांना केबलमधून जाणारा करंट तेवढा बाहेर जातो, पण तो किरकोळ). त्यात यूपीएसचा स्वतःचा तोटा, निम्म्यापेक्षा कमी लोडवर चालतो म्हणून साधारण ४०० वॅट धरा. म्हणजे ४.३ किलोवॅट मशीनांचे. एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट. इथपर्यंत सव्वा टन.

मग राहिला स्लॅब आणि भिंत, आणि हेच कोणी धरत नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे वेगळं सांगायला नको. दुपारी चारला स्लॅबला आतून हात लावला तर हात मागे घ्यावा लागायचा, आणि रात्री दहाला सुद्धा तो कोमटच असायचा. स्लॅब ११ चौरस मीटर, पश्चिमेची भिंत नऊ-दहा, मी बसून गणित केलं तर दोन्ही मिळून दीड किलोवॅटच्या आसपास आत येत होते. म्हणजे आमच्या एसीच्या कामाचा चौथा हिस्सा सर्व्हरसाठी नव्हताच, तो अकोल्याच्या सूर्यासाठी होता.

कमिटीला हे सगळं तातडीचं का आहे ते सांगायला मी अजून एक गणित केलं होतं. खोलीत हवा ३४ घनमीटर, म्हणजे जेमतेम ४१ किलो. चार किलोवॅटचं हीटर त्या हवेला लावलं तर नुसती हवा दर दहा सेकंदाला एक डिग्री तापेल. प्रत्यक्षात भिंती, रॅकचं लोखंड हे सगळं उष्णता पितं म्हणून एवढ्या जोरात चढत नाही, पण एसी बंद पडल्यावर दहा-बारा मिनिटांत २४ चे ३५ झालेले मी स्वतः उभं राहून बघितलेत. त्याच्या पुढे सर्व्हर आधी पंखे बोंबलवतात, मग काही स्वतःहून बंद होतात, आणि सीटीवाले टेक्निशियन खाली फोन धरून बसतात.

आता पर्याय. एका ट्रस्टी काकांचं म्हणणं, कूलर लावा की, आपल्या वऱ्हाडात वाळ्याच्या कूलरवर अख्खी घरं थंड होतात. काकांचा राग येत नाही, मे मधल्या दुपारी ते बरोबरच बोलतात, पण कूलरला खिडकी उघडी लागते, तो धूळ आणि ओल दोन्ही आत आणतो, आणि जूनमध्ये पाऊस लागला की नुसता दमट वारा मारत बसतो. दुसरा पर्याय ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) चिलरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मशीनचं, पाणी फिरवून आणायचा. चिलर आधीच आहे, मेंटेनन्सवाले म्हणाले एक लाइन काढून फॅन कॉइल बसवून देऊ, स्वस्तात पडेल. हा मला सुरुवातीला आवडला होता. पण ओटीचं शेड्यूल संपल्यावर चिलर बंद करतात किंवा अगदी कमीवर ठेवतात, फक्त माझ्या दोन रॅकसाठी तो रात्रभर चालवणं म्हणजे वीज उधळणं, आणि पाण्याची लाइन सर्व्हरच्या खोलीत आणायची हे मनाला पटेना. सगळंच क्लाउडवर टाका असंही एक जण म्हणालं, पण पॅक्सच्या इमेजेसचा साइज आणि आमचं इंटरनेट बघता तो विषय तिथेच मिटला.

खरी लढत दोघांत होती. खास सर्व्हर रूमसाठी बनवलेला प्रिसिजन एसी की साधे स्प्लिट.

प्रिसिजनवाले नागपूरहून आले होते, लॅपटॉप, प्रेझेंटेशन, व्यवस्थित. माणूस जाणकार होता, त्याच्याकडून मला बरंच शिकायला मिळालं. मुख्य मुद्दा असा की एसी दोन कामं करतो, हवा थंड करतो आणि हवेतलं पाणी काढतो. साध्या एसीची २५ ते ३० टक्के ताकद पाणी काढण्यात जाते, कारण तो माणसांसाठी बनवलेला, माणूस घाम सोडतो, श्वास सोडतो. सर्व्हर घाम सोडत नाही. प्रिसिजनचा कॉइल मोठा, हवा जास्त फिरवतो, त्यामुळे त्याची ९५ टक्के ताकद नुसती थंड करण्यात लागते. शिवाय ह्युमिडिफायर असतो, आर्द्रता कमी झाली की वाफ सोडतो, कंट्रोलर असतो, नेटवर्कवर अलार्म देतो, आणि चोवीस तास बारा महिने चालायलाच बनवलेला असतो. किंमत एका युनिटची पाच लाखांच्या घरात, आणि एकच घेऊन उपयोग नाही, एक चालू एक स्टँडबाय म्हणजे दोन.

तो गेल्यावर मी दोन गोष्टींवर डोकं लावलं. पहिली आर्द्रता. तो म्हणाला होता, तुमच्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी, १५ टक्के आर्द्रता, स्टॅटिकने कार्ड उडतील, ह्युमिडिफायर हवाच. ऐकायला बरोबर वाटतं. पण १५ टक्के हा आकडा बाहेरच्या ४३ डिग्रीच्या हवेचा. तीच हवा आत आणून २४ डिग्रीला नेली की त्याच पाण्याची टक्केवारी ४० च्या वर जाते, कारण थंड हवेत पाणी मावतंच कमी. कॉइलवर थोडं पाणी गळून गेलं तरी ३५-४० राहतं. अ‍ॅश्रेच्या (एसी क्षेत्रातली अमेरिकन संस्था) शिफारशी बघितल्या तर ते टक्क्यांपेक्षा दवबिंदूवर, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब धरायला लागतं त्यावर, बोलतात, सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ डिग्री तापमान आणि दवबिंदू उणे ९ ते १५ डिग्रीच्या मधे. आमचा मे महिना त्यात आरामात बसतो. मी हायग्रोमीटर ठेवून पण बघितलं, जुन्या एसीवर सुद्धा ३५ च्या खाली क्वचित गेलं. म्हणजे ह्युमिडिफायर, त्याला लागणारी पाण्याची लाइन, आमच्या बोरच्या क्षारांनी त्याच्या सिलिंडरवर चढणारा थर, हे सगळं विकत घ्यायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली कारण ती कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हती. साध्या एसीवर दोन आरोप असतात. एक, बाहेर ४५ झालं की त्याची ताकद घटते, कारण त्याचा आकडा ३५ डिग्रीला मोजलेला असतो, ४५-४६ ला तो दहा-बारा टक्के तरी खाली येतो. दोन, पाणी काढण्यात ताकद वाया जाते. दोन्ही खरे आहेत. पण आमच्याकडे हे दोन्ही एकाच महिन्यात होत नाहीत! मे मध्ये उष्णता असते पण हवेत पाणीच नसतं, कॉइल जवळजवळ कोरडा चालतो, त्यामुळे सगळी ताकद थंड करण्यातच लागते. जुलैमध्ये पाणी असतं पण बाहेर तीस-बत्तीस, एसी पूर्ण ताकदीत. मुंबई किंवा रत्नागिरीत हा हिशोब चालणार नाही, तिथे मे मध्ये सुद्धा हवा ओली. विदर्भात चालतो. प्रिसिजनवाल्यांनी दिलेल्या तक्त्यात दोन्ही तोटे एकावर एक गुणून दाखवले होते आणि दोन टनाचा स्प्लिट साडेचार किलोवॅटवर आणून ठेवला होता. माझ्या हिशोबाने तो मे मध्ये साडेपाचच्या आसपास देतो.

आता लागतात किती? मशीनांचे ४.३ आणि स्लॅब-भिंतीचे दीड, म्हणजे ५.८. एक दोन टनाचा त्याला थोडा कमीच पडतो. इथे मोठा एसी घ्यायच्या ऐवजी स्लॅबच दुरुस्त करायचा असं ठरवलं. वर पांढरा उष्णता परावर्तित करणारा पेंट, आतून फॉल्स सीलिंग आणि त्यावर इन्सुलेशनची शीट, पश्चिमेची खिडकी विटांनी बंद, भिंतीला आतून शीट. हे काम ट्रस्टच्याच सिव्हिलवाल्यांकडून झालं, खर्च एका एसीपेक्षा कमी. पुढच्या उन्हाळ्यात स्लॅबकडून येणारं निदान दोन तृतीयांश तरी कमी झालं असावं, एसी दुपारी मधे मधे कट-ऑफ घ्यायला लागला यावरून म्हणतोय. मला अजूनही वाटतं की सगळ्या प्रकरणात पैसा सगळ्यात कारणी लागला तो त्या पेंटमध्ये, आणि विकणाऱ्यांपैकी एकानेही तो सुचवला नव्हता. त्यांचं पण बरोबर आहे म्हणा, पेंट ते विकत नाहीत.

पण निर्णय शेवटी झाला तो वेगळ्याच प्रश्नावर. मी प्रिसिजनवाल्यांना विचारलं, रविवारी दुपारी तीनला मे महिन्यात मशीन बंद पडली तर कोण येणार? म्हणाले आमचा इंजिनियर नागपूरला आहे, चोवीस तासांत येईल. नागपूर अकोला अडीचशे किलोमीटर. पार्ट लागला तर? मागवावा लागेल, तीन-चार दिवस. मग आमच्याकडे जो एसी मिस्त्री नेहमी येतो, अख्ख्या हॉस्पिटलचे स्प्लिट तोच बघतो, त्याला मी प्रिसिजनचा कॅटलॉग दाखवला. त्याने सावकाश पानं उलटली आणि म्हणाला, "भाऊ, मशीन तं चांगली हाये, पन याचं कार्ड गेलं तं मी काय करू? हात बी नाही लावता येनार." आणि मग साध्या स्प्लिटबद्दल म्हणाला, "याचं कॅपॅसिटर, फॅन मोटर, कॉन्टॅक्टर माया दुकानात पडलेलं राह्यते. अर्ध्या घंट्यात आलो समजा."

मोठ्या डेटा सेंटरमध्ये प्रश्न वेगळा असतो, तिथे एका रॅकला दहा-पंधरा किलोवॅट, इंजिनियर जागेवर, तिथे प्रिसिजन किंवा इन-रो (रॅकच्या रांगेतच बसणारा एसी) ला पर्याय नाही. आमच्यासारख्या दोन रॅकच्या जागी, जिल्ह्याच्या गावात, मशीन किती चांगली यापेक्षा ती बंद पडल्यापासून चालू होईपर्यंत किती वेळ जातो हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. कमिटीच्या कम्पॅरेटिव्हमध्ये मी त्याचे दोन कॉलम मुद्दाम टाकले, "बिघाड झाल्यास माणूस किती वेळात" आणि "पार्ट कुठून". ॲडमिनिस्ट्रेटर मॅडमनी बाकीचे कॉलम बघितले पण नाहीत, त्या दोनवरच बोट ठेवलं.

तर ठरलं, दोन टनाचे दोन स्प्लिट, एक चालू एक आरामात, आणि प्रत्येक एकटा पूर्ण लोड ओढेल असा.

इन्व्हर्टर की नॉन-इन्व्हर्टर यावर मात्र ऑफिसमध्ये बरीच हुज्जत झाली. अकाउंट्सचं म्हणणं पाच स्टार घ्या, बिल वाचेल. स्टारचा हिशोब वर्षाला १६०० तास धरून केलेला असतो, आमचे तास त्याच्या साडेपाच पट, म्हणजे बचत झाली तर तीही तेवढीच मोठी, हा मुद्दा खराच आहे. पण इन्व्हर्टरची बचत मुख्यतः एसी निम्म्या लोडवर चालतो तेव्हा. आमचा लोड दिवसरात्र जवळपास सारखा आणि एसीच्या ताकदीच्या ७५-८० टक्के, तिथे फरक कमी होतो. शिवाय आमच्याकडचं व्होल्टेज, आणि इन्व्हर्टरचा बाहेरचा पीसीबी (सर्किट बोर्ड), तो गेला तर परत तेच, मागवा आणि वाट बघा. शिवाय दोन एसी आलटून पालटून चालवायला जो सिक्वेन्सर मिळतो तो साध्या प्रकारातला सरळ कॉन्टॅक्टरने सप्लाय कापतो, इन्व्हर्टरला असं दिवसातून तीन-चार वेळा कापलेलं मिस्त्रीला पसंत नव्हतं. फिक्स्ड स्पीड म्हणजे नॉन-इन्व्हर्टर घेतले, तांब्याच्या कॉइलचे, कारण तांब्याला गळती लागली तर इथे झाळता येते. वीज थोडी जास्त जाते, मान्य. दिवसाला चाळीसेक युनिट धरा.

दुकानात गेल्यावर लक्षात आलेलं एक सांगतो. दोन टन असं जे लिहितात ते नावालाच असतं, स्टारच्या लेबलवर कूलिंग कपॅसिटी वॅटमध्ये छापलेली असते ती वाचायची. खरे दोन टन म्हणजे ७०३० वॅट. आम्ही बघितलेल्यातले काही ६३०० च्या जवळ होते, आम्ही घेतला तो ६७०० च्या आसपास. किंमत मात्र दोघांची सारखीच. आणि "५२ डिग्रीतही चालतो" असा स्टिकर असतो, त्यावर सेल्समनला विचारा की चालतो ते ठीक आहे, तेव्हा थंड किती करतो? ४६ डिग्रीच्या टेस्टचा आकडा ज्याच्या डेटाशीटमध्ये सापडला तोच घेतला. शेवटचं म्हणजे ऑटो रिस्टार्ट. लाइट जाऊन आली की एसी रिमोटशिवाय आपोआप त्याच सेटिंगवर चालू व्हायला हवा, रात्री दोनला रिमोट दाबायला कोण जाणार. हे ब्रोशरवर विश्वास ठेवून घ्यायचं नाही, मी शोरूममध्ये चालू एसीचा प्लग काढायला लावला, मिनिटभर थांबलो, परत लावला. एक मॉडेल चालू झालं, दुसरं टूं करून लाल दिवा दाखवत बसलं.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ गेला हवा कशी फिरते त्यावर. आधी जुना एसी रॅकच्या बरोबर मागच्या भिंतीवर होता, म्हणजे थंड हवा सर्व्हरच्या पाठीवर, जिथून गरम हवा बाहेर पडते. रॅकचं तोंड खिडकीकडे होतं. त्या बिचाऱ्या सर्व्हरना स्वतःचीच गरम हवा परत प्यावी लागायची, आणि वरच्या युनिट्सचं तापमान खालच्यांपेक्षा सात-आठ डिग्री जास्त दिसायचं. आता दोन्ही इनडोअर युनिट रॅकच्या तोंडासमोरच्या भिंतीवर, रॅकच्या डोक्यावर अजिबात नाही (ड्रेनचा पाइप एक ना एक दिवस तुंबतोच, तेव्हा पाणी जमिनीवर पडू दे). फायर अलार्म वाजू नये म्हणून पॅनलवर तो झोन आयसोलेट करून आम्ही उदबत्ती पेटवून धूर बघितला. इलेक्ट्रिशियन स्टुलावर उभा, हातात उदबत्ती, आणि मी टॉर्च मारतोय. रॅकच्या तोंडाशी मध्यापर्यंत धूर सरळ आत ओढला जायचा, मस्त. वरच्या रिकाम्या जागांपाशी आणलं की धूर उलटा, आतून बाहेर, आपल्याच तोंडावर. म्हणजे मागची गरम हवा रिकाम्या फटींतून पुढे येत होती. दुसऱ्याच दिवशी सगळ्या रिकाम्या यू ला (रॅकमधल्या खणांना) ब्लँकिंग प्लेट लावल्या, दोन रॅकच्या मधली फट आणि रॅकच्या वरून सीलिंगपर्यंतची जागा पारदर्शक पीव्हीसीच्या पट्ट्यांनी बंद केली, कोल्ड स्टोरेजच्या दाराला असतात तशा. त्यानंतर वरचा आणि खालचा फरक दोन-तीन डिग्रीवर आला. नवीन एसी चालू व्हायच्या आधीच, जुन्यावरच आला हे विशेष.

सिक्वेन्सर आठ-आठ तासांनी एसी बदलतो. रॅकच्या तोंडाशी २८ झालं की दोन्ही चालू करतो. दोन एसी दोन वेगळ्या फेजवर घेतले, एक फेज गेली तर दुसरा राहील, आणि सिक्वेन्सरला यूपीएसवरून सप्लाय. एसी यूपीएसवर नाहीत, जनरेटरवर आहेत. जनरेटर अर्ध्या मिनिटात उचलतो पण कॉम्प्रेसरला परत चालू व्हायला तीन मिनिटांचा डिले असतो, त्या तेवढ्या वेळात तापमान दोन-तीन डिग्री चढतं आणि परत उतरतं, हे धरून चालायचं. सेन्सर मी नोडएमसीयूवर (छोटा वायफाय बोर्ड) स्वतः जोडलाय, दोनशे-तीनशे रुपयांत, एक रॅकच्या तोंडाशी वर, एक खाली. अलार्म माझ्या मोबाइलवर येतोच पण खरा बझर रिसेप्शनला ठेवलाय, कारण रात्री जागं तेच असतं.

सेटिंग २४. यावर अजून कुरकुर चालू आहे. खोलीत येणारा प्रत्येकजण म्हणतो सर्व्हर रूम एवढी गरम कशी, आधी तर कुडकुडायचो. आधी १८ वर होता, आणि दुपारी दोन-तीन जण पाण्याची बाटली गार करायला म्हणून येऊन बसायचे हे मला माहीत आहे. सर्व्हरला तोंडाशी २७ पर्यंत काही होत नाही. काळजी फक्त यूपीएसच्या बॅटऱ्यांची, त्यांचं आयुष्य २५ डिग्रीला मोजलेलं असतं आणि त्याच्यावर दर दहा डिग्रीला निम्मं होतं. म्हणून त्या रॅकच्या मागच्या गरम बाजूला होत्या त्या उचलून पुढच्या थंड बाजूला आणल्या, केबल थोड्या लांबवाव्या लागल्या.

बाहेरच्या युनिटचा आमच्याकडचा एक खास त्रास म्हणजे कापूस. गच्चीपासून थोड्या अंतरावर जिनिंग आहे, दिवाळीनंतर सीझन चालू झाला की हवेत कापसाचे तंतू, आणि कंडेन्सरच्या जाळीवर ते असे बसतात की लांबून पांढरी गोधडी पांघरल्यासारखं दिसतं. धूळ पाण्याने जाते, कापूस ओला झाला की आणखी चिकटतो. मिस्त्री आधी मऊ ब्रशने वरून खाली कोरडाच ओढून काढतो आणि मग कमी प्रेशरच्या पाण्याने आतून बाहेर धुतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे पंधरवड्याला, एरवी महिन्याला. दोन्ही कंडेन्सर एकमेकांच्या तोंडात हवा मारणार नाहीत असे आडवे लावलेत, आणि वर हिरवी शेडनेट, पण चार फूट उंच, पंख्याची हवा अडणार नाही इतकी.

थंडीत वेगळीच गंमत. डिसेंबर-जानेवारीत रात्री इथे दहा-अकरापर्यंत उतरतं, आणि एसी तर चालूच. बाहेर एवढं थंड असलं की गॅसचं प्रेशर पडतं, आतला कॉइल शून्याखाली जातो आणि त्यावर बर्फ. जुन्या एसीवर १८ च्या सेटिंगला सकाळी सहाला कॉइलवर बर्फाचा थर आणि खाली पाणी हे नेहमीचं होतं, सगळे म्हणायचे गॅस कमी आहे आणि गॅस भरून जायचे. नवीन दोन्हींना मिस्त्रीने कंडेन्सरच्या पंख्याला प्रेशर स्विच लावलाय, प्रेशर पडलं की पंखा थांबतो, चढलं की फिरतो. पहिल्या थंडीत सकाळी फरशी कोरडी होती. थंडीत एक्झॉस्ट लावून बाहेरचीच थंड हवा का घेत नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं. वीज वाचली असती, पण परत तोच कापूस, आणि त्याला रोखणारे फिल्टर दर आठवड्याला कोण बदलणार.

वॉरंटी संपल्यावर एएमसी (वर्षाच्या देखभालीचा करार) त्याच मिस्त्रीकडे दिली. कागदावर तीन गोष्टी लिहून घेतल्या, कॅपॅसिटर आणि फॅन मोटरचा एक-एक नग हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये पडलेला हवा, मार्च संपायच्या आत दोन्ही एसी एकेकटे पूर्ण दिवस चालवून बघायचे, आणि फोन केल्यावर दोन तासांत माणूस. तिसऱ्या कलमावर तो हसला, म्हणाला दोन तास काऊन लिहिता भाऊ, मी तं समोरच्याच गल्लीत राह्यतो.